उमाठेकाकांचं नाक

दारूच्या विरोधात मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली, त्यांतली एकही ओळ मी मागे घेत नाही. हे आधीच सांगून टाकते. कारण ज्या माणसाबद्दल लिहायला बसले आहे ते व्हिस्कीचे शौकीन होते, आणि खोटं न लिहिणं म्हणजे काय, हे मला त्यांनीच शिकवलं.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील कारखान्यात फिटर आणि संघटनेचे कार्यकर्ते. रायपूरजवळच्या बीरगांवात आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे, आणि अक्षरओळख मला त्यांतूनच झाली. शाळेत 'कमळ' शिकवलं त्याआधी मला 'शोषण' वाचता येत होतं. पगाराच्या दिवशी पाळी सुटली की गेटपासून दारूच्या दुकानापर्यंत जी रांग लागायची ती मी दर महिन्याला पाहिली आहे, आणि त्या रांगेतल्या माणसांच्या बायका आमच्या ओट्यावर येऊन रडायच्या तेही पाहिलं आहे. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर दारूबंदीचं पहिलं पत्रक मी लिहिलं यात नवल नव्हतं. ते घेऊन मी रायपूरच्या तात्यापारा वस्तीत दारोदार फिरत होते. एका जुन्या घराच्या दारात लुंगी-बनियनमधल्या एका उंच, वाळक्या माणसाने ते माझ्या हातून घेतलं, उभ्याउभ्याच वाचलं आणि म्हणाले, "थांब."

आत जाऊन त्यांनी लाल पेन आणला.

"तीन चुका आहेत यात. दोन माफ. ही तिसरी कोणी लिहिली?"

त्या ओळीत मी लिहिलं होतं की विषारी दारू उग्र वासावरून ओळखता येते.

"मी," मी म्हणाले. "का?"

"काहून म्हणजे? मिथेनॉल वासानं समजत नाही, पोट्टी. माह्या नाकाले नाही समजत, तं तुह्या वाचणाऱ्याले काय समजन? तुहं हे वाचून एखादा हुंगून पाहीन, ठीक आहे म्हणन, अन् आंधळा होईन. दारूनं माणूस मरते हे खरं आहे. मंग त्यात खोटं काहून जोडता?"

मी भांडले. मी तेव्हा सगळ्यांशी भांडायचे. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मागून आलेल्या त्यांच्या बायकोला, शैलाकाकूंना, म्हणाले, "अगं, क्रांती आली आहे दारात. पाणी दे तिले." तेव्हापासून मी त्यांच्या घरात 'क्रांती' झाले. त्या संध्याकाळी वडिलांनी उरलेल्या प्रत्येक पत्रकावर ती ओळ झाकणारी कागदाची पट्टी खळीने चिकटवली. सगळ्या पट्ट्या चिकटवून झाल्यावर म्हणाले, "त्या माणसाकडे जात जा."

हा माणूस, म्हणजे उमाठेकाका, तीस-बत्तीस वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासत होते. घराणं अमरावतीकडचं, पण जन्म रायपूरचा, त्यामुळे बोलण्यात वऱ्हाडी आणि हिंदी एकाच ताटात. यंत्रं काय ते सांगायचीच, पण काकांचं नाक यंत्राच्या आधी सांगायचं. कुठली विहीर, किती क्लोरीन, टाकीत शेवाळ धरलं आहे की नाही. निवृत्तीनंतर ते नाक त्यांनी व्हिस्कीला लावलं. एका पुतण्याने कधीतरी परदेशातून आणलेली बाटली उघडली आणि त्यांना म्हणे एका थेंबात अभनपुरच्या बाजारातल्या गुळाच्या पोत्यांचा वास आला. गेली दहा वर्षं ते पोतं शोधत असल्यासारखे ते हुंगत होते.

प्यायचे किती? औषधाच्या बाटलीचं झाकण असतं ना, तेवढं. तेही आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी अकरा वाजता, आंघोळ-पूजा उरकून. "सकाळी नाक कोरं असते," ते म्हणायचे. त्यासाठी रविवारी घरात फोडणी पडायची नाही, साबण बिनवासाचा, आणि काकूंची पूजा उदबत्तीशिवाय. मला हे तेव्हा फार गमतीचं वाटायचं. मी म्हणायचे, "काका, हा व्यसनाधीनतेचा सर्वांत कंटाळवाणा प्रकार आहे." ते म्हणायचे, "छाप पत्रक."

त्यांच्याकडे एक जाड वही होती. तिच्यात ते प्रत्येक व्हिस्कीची नोंद करत. इंग्रजी पुस्तकांत असल्या नोंदींमध्ये नाशपाती, काळ्या बेरी, समुद्री शेवाळ असं काय काय असतं. काकांच्या वहीत असं काही नसायचं. "बेरी म्या कधी खाल्ली नाही. जे हुंगलं नाही ते काहून लिहू?" त्यांच्या नोंदी अशा: 'बाभळीचा डिंक. नव्या वहीचा पुठ्ठा.' 'उन्हात वाळलेला महुआ, मागून लोखंडी पेटीतलं लुगडं.' 'पहिल्यांदा गूळ वाटला. दुसऱ्यांदा नाही. म्हणून गूळ लिहीत नाही.' ही शेवटची नोंद मी पाठ केली होती. तेवढ्या सचोटीने लिहिणारे लोक मला वर्तमानपत्रांत सापडत नव्हते.

प्रयोग तर विचारू नका. साध्या दुकानातली व्हिस्की आणायची, सात पेल्यांत एकेक झाकण ओतायची आणि त्यांत सात ठिकाणच्या पाण्याचे थेंब टाकायचे. खारून नदीचं उकळून गाळलेलं, अभनपुरच्या विहिरीचं, नळाचं, पावसाचं, आमच्या बीरगांवच्या बोअरचंही. आमचं पाणी हुंगून ते म्हणाले, "यात तं अख्खी व्हिस्की मेली बाप्पा. अन् तुम्ही हे पिता?" मग साज, आंबा, बाभूळ, कडुनिंब यांची लाकडं चुलीत जाळून त्यांचे तुकडे बरण्यांत घातले, व्हिस्की भरली आणि बरण्या मे महिन्यात गच्चीवर पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. "रायपूरचा एक मे महिना म्हणजे स्कॉटलंडचे तीन वर्षं," असं त्यांचं गणित. कडुनिंबाच्या बरणीने त्यांची जीभ दोन दिवस बधिर झाली. एक बरणी काकूंच्या लोणच्याची होती, पंधरा दिवस धुऊनही तिने दाद दिली नाही. त्या पानावर लिहिलंय: 'मोहरी. हिंग. बायकोचा राग.'

शैलाकाकू गेल्या तेव्हा मुलगा नितीन बंगळुरूहून आला होता. मराठी त्याला कळतं, पण बोलतो हिंदीच. तेराव्याला पाहुण्यांसमोर तो बापाला म्हणाला, "आपने मम्मी को भगवान के सामने अगरबत्ती तक नहीं लगाने दी, पापा. एक चम्मच दारू के लिए." काकांनी ते ऐकून घेतलं. नोंद खरी होती. नितीन बंगळुरूला परतला आणि त्यानंतर दोन वर्षं त्याचा फोन आला नाही. काका दर रविवारी अकराला पेला काढायचे, हुंगायचे आणि बऱ्याचदा न पिताच ठेवून द्यायचे.

त्या दिवसांत मी एक चूक केली. पत्रकांवर वाढलेल्या माणसाकडूनच होईल अशी. मला लहानपणापासून वाटत आलं आहे की खरी गोष्ट लोकांसमोर नीट मांडली की लोक जागे होतात. कंपन्या रात्रंदिवस मोबाइलवर विष विकत होत्या. दारूची जाहिरात करता येत नाही म्हणून त्याच नावाचा सोडा, त्याच नावाचे पेले, त्याच नावाची गाणी. आणि इथे एक माणूस होता, ज्याला एक झाकण पुरत होतं, जो हुंगलं तेवढंच बोलत होता. मला वाटलं, लोकांनी याला पाहिलं की त्या सगळ्या चकचकाटाची लाज निघेल. मी त्यांच्या सात पाण्यांच्या प्रयोगाचा व्हिडिओ काढला आणि टाकला. ते माझं सर्वांत चांगलं पत्रक होतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

तो व्हिडिओ पसरला. बीरगांवच्या पाण्यावरचं वाक्य कोणीतरी कापलं आणि उरलेला भाग लाखो मोबाइलांवर फिरला. 'नाकवाले काका' असं नाव पडलं. महिन्याभरात एका नव्या डिस्टिलरीची रिया नावाची मुलगी तात्यापाऱ्यात येऊन दाखल झाली. हुशार होती, वाईट नव्हती, काकांच्या पाया पडली. कंपनीने तिला 'कहानियां' शोधायला ठेवलं होतं. तिने त्यांच्यासमोर कंपनीची बाटली ठेवली. काकांनी हुंगलं आणि तिच्यादेखत वहीत लिहिलं: 'ओला पुठ्ठा. जळालेली साखर. पिंपातून लवकर बाहेर काढली आहे.'

मी मनात म्हटलं, झालं, आता ही उठून जाईल.

"ओ माय गॉड," रिया म्हणाली, "कितना ऑथेंटिक है!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. पण त्याच आठवड्यात नितीनचा फोन आला होता. त्याच्या ऑफिसात कोणीतरी व्हिडिओ लावला होता, आणि त्याने उठून सगळ्यांना सांगितलं होतं की हे माझे पापा आहेत. तेव्हापासून दर रविवारी दुपारी फोन. काका सकाळी दहापासून मोबाइल चार्जिंगला लावायचे. "ऐक क्रांती," ते म्हणाले, "म्या खरंच बोलणार. कंपनीनं लिहून दिलेलं एक अक्षर नाही बोलणार. मंग त्यात काय वाईट आहे?"

वर्षभर त्यांनी तो शब्द पाळलाही. चांगल्याला चांगलं, फसलेल्याला फसलेलं. लोक हसायचे, आणि कंपनीचे पेले विकले जायचे. मी भांडून थकले, पण जाणं सोडलं नाही.

मागच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. आठवडाभरात उतरलाही. त्यानंतर एका दुपारी मी गेले तर दारातच करपल्याचा वास. स्वयंपाकघरात धूर, शेगडीवर दुधाचं पातेलं कोळसा झालेलं, आणि काका तिथून चार हातांवर वर्तमानपत्र वाचत बसलेले. मी धावत जाऊन शेगडी बंद केली. त्यांनी मान वर केली, धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, वास नाही आला?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. मग म्हणाले, "बस."

नाक तापातच गेलं होतं. डॉक्टरने सांगितलं होतं, कधी परत येतं, कधी नाही. दोन महिने झाले होते. त्या दोन महिन्यांत त्यांचे सहा-सात व्हिडिओ आले होते, आणि मी ते सगळे पाहिले होते. बाभळीचा डिंक, लोखंडी पेटी, वाळलेला महुआ. आता मला कळलं. ते जुन्या वहीतून बोलत होते. मी वही उघडली. तापाच्या तारखेनंतर प्रत्येक रविवारची नोंद होती आणि प्रत्येक नोंदीत दोनच शब्द: 'वास नाही.'

म्हणजे वहीत ते खोटं लिहू शकत नव्हते. फक्त बोलू शकत होते.

"हे तुम्ही करताय?" मी ओरडले. "तुम्ही? माझ्या एका ओळीसाठी मला दारात उभं केलंत आणि हजारो लोकांना..."

"नितीन फोन करते आता," ते म्हणाले.

"म्हणून?"

"हे सांगितलं तं थांबन तो. काय उरलं मंग माह्यापाशी? नाक नाही, शैला नाही. एक रविवार आहे." त्यांचा आवाज फुटला नाही. तपासणीचा निकाल वाचून दाखवावा तसे ते बोलत होते. "तू लिही. तुले लिहायचं असन तं लिही. मी नाही म्हणणार नाही. पण मले सांगू नको की मले समजत नाही."

मी दोन आठवडे गेले नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांचाच फोन आला. "रविवारी लाइव्ह आहे कंपनीचं. मी सांगून टाकतो. तू ये. समोर बस, म्हणजे मले मागं फिरता येणार नाही."

मी समोर बसले. अकरा वाजले. रियाने खूण केली. काकांनी पेला उचलला, हुंगला आणि खाली ठेवला. मग कॅमेऱ्यात बघून हिंदीत बोलले, सरळ, एकेक वाक्य सुटं करून. "भाइयों-बहनों, मेरी नाक चली गई है. बुखार में गई. ढाई महीने से मुझे कोई गंध नहीं आती. आपको जो बताया, वो पुरानी कॉपी से बताया. वो झूठ था. इस गिलास में क्या है, मुझे नहीं मालूम. मेरे कहने पर कुछ मत खरीदिए." आणि त्यांनी हात जोडले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी जन्मापासून ज्याची वाट पाहत होते ते हे वाक्य होतं. मी पडद्याकडे पाहिलं. खालून वर प्रतिक्रिया धावत होत्या. हसणारे चेहरे, बदाम. 'काका लेजेंड.' 'क्या एक्टिंग है.' 'नाक गई पर स्वैग नहीं गया.' बदामांवर बदाम.

लाइव्ह संपल्यावर रिया टाळ्या वाजवतच आली. "काका, ये स्क्रिप्ट किसने लिखी? दीदी, आपने?"

"बेटा, सच है," काका म्हणाले.

"वही तो!" ती म्हणाली. "बिल्कुल सच लगा."

दुपारी नितीनचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला. "पापा! ऑफिस के ग्रुप में सब लोट-पोट हो रहे हैं!"

"नितीन, ऐक. खरंच गेलं बे नाक."

"हाँ हाँ, पापा, कैरेक्टर मत तोड़ो," तो हसत म्हणाला. मग एक क्षण थांबून, "प्राउड ऑफ यू, पापा." इतकं प्रेम त्या आवाजात मी आधी कधी ऐकलं नव्हतं. काका मोबाइलकडे पाहत राहिले. मी त्यांना खुणावलं, पुन्हा सांगा. त्यांनी विचारलं, "जेवला का तू?"

आठवड्याभरात कंपनीची नवी ओळ आली, काकांच्या जोडलेल्या हातांच्या चित्रासह: 'नाक बंद, फिर भी पसंद.'

मी गप्प बसणार नव्हते. मी पत्रक लिहिलं. काकांना वाचून दाखवलं. त्यांनी एक स्वल्पविराम बदलला आणि म्हणाले, "खरं आहे सगळं. वाट." मी आणि वडील पाळी सुटायच्या वेळी गेटवर उभे राहिलो. वडिलांचे गुडघे आता फार वेळ उभं राहू देत नाहीत, तरी ते उभे होते. एका कामगाराने पत्रक घेतलं, सावकाश पूर्ण वाचलं. पूर्ण वाचणारा भेटला की आपला ऊर भरून येतो. तो परत आला.

"ये वही नाक वाले काका हैं न, दीदी?"

"हव," मी म्हणाले.

"इनका वाला यहाँ मिलता है क्या? बीरगांव में?"

वडिलांनी उरलेला गठ्ठा काखेत धरला आणि ते घराकडे चालू लागले.

त्यानंतर मी काकांना एकदाच पाहिलं. अभनपुर रस्त्यावरच्या एका बागेत कंपनीचं चित्रण होतं आणि त्यांनी मला सोबतीला बोलावलं. दोघंही वाद घालण्यापलीकडे गेलो होतो. दुपारची दोनची वेळ होती. त्यांना रेशमी कुर्ता घातला होता. दिवसभर तेच दृश्य पुन्हा पुन्हा घ्यायचं असल्याने पेल्यात व्हिस्की नव्हतीच, कोरा चहा होता, बिनसाखरेचा. उजेडात त्याचा रंग चांगला येतो, असं रियाने मला सांगितलं. काकांना कोणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

त्यांनी पेला उचलला. डोळे मिटले. आधी डावी नाकपुडी, मग उजवी, मग तोंड किंचित उघडं ठेवून दोन्ही. अगदी पूर्वीसारखं. रिया "कट" म्हणाली तरी त्यांनी पेला खाली घेतला नाही. हुंगतच राहिले. माझ्या लक्षात आलं की ते अभिनय करत नव्हते. प्रत्येक वेळी ते खरोखर शोधत होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि पेला माझ्याकडे केला. "पाह्य बरं पोट्टी. मले वाटलं, थोडासा काही आला."

"काय आला काका?"

"गूळ."

मी पेला नाकाशी नेला. चहा होता. थंड, तुरट, पातेल्याचा वास लागलेला.

"आहे," मी म्हणाले. "थोडा आहे."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी घाईघाईने माझ्या हातून पेला घेतला.

"काका, परफेक्ट!" रिया ओरडली. "बस यही एक्सप्रेशन, एक बार और!"

त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि पेल्यात नाक घातलं.